खडकांनी राखलेलं मालवण

मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं, की सिंधुदुर्ग अगदी हाकेच्या अंतरावर दिसतो. वाटतं, होडीत बसावं आणि सरळ जाऊन पोचावं. पण होडीवाला सरळ जात नाही, वळणं घेत जातो. पाण्याखाली खडक आहेत आणि त्यांच्यामधल्या वाटा त्याला वाडवडलांकडून मिळालेल्या आहेत. मालवणचा इतिहास समजून घ्यायचा, तर या खडकांपासूनच सुरुवात करायला हवी.

सतराव्या शतकात या किनाऱ्यावर बाहेरच्यांची गर्दी होती. उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी, दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज, जवळच वेंगुर्ल्यात डचांची वखार. समुद्रावर सत्ता हवी, तर समुद्रात पाय रोवायला जागा हवी, हे शिवाजी महाराजांनी ओळखलं. मालवणसमोरचं कुरटे बेट त्यांच्या नजरेत भरलं. भोवती खडकांचं जाळं, परक्या जहाजाला जवळ येणं अवघड आणि बेटावर गोडं पाणी! २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झाली. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं गेलं आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या त्याच्या विहिरी चहूकडे खारं पाणी असताना आजही गोड आहेत. जोडीला किनाऱ्यावर राजकोट, बाजूला पद्मगड आणि उत्तरेला सर्जेकोट, अशी राखण होती. पुढे राजाराम महाराजांच्या काळात किल्ल्यात शिवराजेश्वराचं मंदिर झालं. आजही तिथे रोजची पूजाअर्चा चालते.

१७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं. नाव काही टिकलं नाही. किल्ला लवकरच कोल्हापूरकरांकडे परत आला. १८१२ च्या तहानं मात्र मालवण इंग्रजांकडे गेलं ते गेलंच.

ज्या खडकांनी शत्रूला अडवलं, त्यांनी नंतर व्यापारालाही अडवलं. मुंबई-गोवा आगबोटींच्या काळात मोठी बोट धक्क्याला लागायची नाही. ती बाहेर थांबायची आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर यायचे. मुंबईत गिरणीत किंवा कचेरीत राबणारा चाकरमानी गणपतीला गावी निघाला, की ट्रंक सांभाळत त्या हलत्या पडावात उतरणं हा त्याच्या घरी येण्याचाच एक भाग होता. उरलेलं वर्ष घर चालायचं ते त्याच्या मनीऑर्डरीवर. मालवणी माणसाच्या बोलण्यातला तिरकसपणा या ओढगस्तीतूनच आला असावा, असं मला वाटतं. हीच बोली मच्छिंद्र कांबळी यांनी ‘वस्त्रहरण’मधून रंगभूमीवर गाजवली आणि साऱ्या महाराष्ट्राला हसवलं.

१९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तारकर्ली, देवबाग ही नावं सर्वांच्या तोंडी झाली. घरांच्या पडव्यांत न्याहारी-निवास सुरू झाले. आणि गंमत पाहा, आता पाहुण्यांना हवे होते तेच खडक! त्यांच्या कपारींत प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत. ते पाहायला लोक पाठीवर नळकांडी बांधून बुडी मारू लागले.

पण याच कपारींत मासळी अंडी घालते, वाढते. म्हणून १९८७ मध्ये इथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचं पाणी आपल्याला परकं होईल, ही भीती होती. पुढे पर्ससीन जाळ्यांनी समुद्र खरवडला जाऊ लागला, तेव्हा रापणकर उभे राहिले आणि २०१६ मध्ये या जाळ्यांवर कडक निर्बंध आले. रापणीचा दोर ओढायला पन्नास-पन्नास माणसं लागतात. मासळीचे वाटे पडतात, म्हाताऱ्यालाही वाटा मिळतो. त्या ओढीला मोकळी पुळण लागते. आणि पर्यटकाच्या खुर्च्याही त्याच पुळणीवर मांडायच्या असतात.

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणात साजरा झाला. राजकोटावर शिवरायांचा पुतळा उभारला गेला. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. समोर पाण्यात साडेतीनशे वर्षांच्या लाटा खाल्लेला तट उभाच होता. २०२५ मध्ये राजकोटावर नवा पुतळा उभा राहिला आणि त्याच वर्षी सिंधुदुर्गाची नोंद जागतिक वारसा यादीत झाली. आता गर्दी वाढेल, वाढावीही. पूर्वी मुंबईची वाट धरणाऱ्या मुलाला आज गावातच काम मिळतं, ही लहान गोष्ट नाही.

फक्त एवढंच लक्षात ठेवायचं. पाहुण्याच्या ताटातला सुरमईचा तुकडा आणि सोलकढीची वाटी ज्याच्या घरून येते, त्याची होडी आणि त्याची पुळण राहिली, तरच मालवण मालवण राहील. त्याला दूर सारून बांधलेलं गाव कुठल्याही किनाऱ्यावर बांधता येतं. पावसाळ्यात मासेमारीही बंद असते आणि किल्ल्याच्या होड्याही बंद असतात. तेव्हा गाव पुन्हा आपल्यापुरतं उरतं. खडकांवर लाटा फुटत असतात. त्या वाटा ठाऊक असणारा माणूस धक्क्यावर बसून दर्याकडे पाहत असतो. पुढचं मालवण कसं असावं, हे आधी त्याला विचारायला हवं.