लेपचा बीम, चंद्र आणि पॅरिसची गाडी

आजचा भाग मी बदनापूरला, घरूनच रेकॉर्ड करतोय. मधेच गाडीची धडधड ऐकू आली तर ती कापणार नाहीये, कारण आजच्या गोष्टीत एक रेल्वे आहेच.

गोष्ट आहे 'लेप'ची, म्हणजे लार्ज इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरची. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकाच रिंगमध्ये उलट दिशांनी फिरवायचे आणि एकमेकांवर आदळायचे. असं पहिलं यंत्र, 'आडा', इटलीत फ्रास्काटीला १९६१ साली चालू झालं. ते एका खोलीत मावायचं. लेपचा बोगदा जिनिव्हाजवळ, सर्नमध्ये, जवळपास २७ किलोमीटरचा. बदनापूर ते जालना यापेक्षा जास्त!

१४ जुलै १९८९ ला बीमने पहिली पूर्ण फेरी मारली. १३ ऑगस्टला पहिली टक्कर. आणि वर्ष संपायच्या आत निकाल आला: हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती तीनच. टकरी टिपणारे चार प्रयोग होते. त्यातल्या 'एल-थ्री'मध्ये मुंबईच्या टीआयएफआरचा गटही होता.

पण यंत्र चालू झालं म्हणजे ते आपल्याला कळलं, असं नसतं.

झेड नावाच्या कणाचं वस्तुमान मोजायचं तर बीमची ऊर्जा नेमकी माहीत हवी. आणि ती हलत होती. किती? ४५ हजारात दहाएक. कोणीही म्हणेल, सोडून द्या. त्यांनी सोडलं नाही. कारण निघाला चंद्र! समुद्रासारखीच जमिनीलाही भरती येते. बोगद्याचा घेर मिलीमीटरभर बदलायचा. बीमच्या वाटेची लांबी मात्र रेडिओ लहरींनी बांधलेली, म्हणून तो चुंबकांच्या मधून न जाता जरा बाजूने जायचा आणि ऊर्जा बदलायची.

मग १९९५. चुंबकांचं क्षेत्र दिवसभर थरथरायचं, मध्यरात्रीनंतर काही तास शांत. असं रात्री काय थांबतं? रेल्वे. विजेच्या गाडीचा परतीचा प्रवाह रुळांतून जायला हवा, पण थोडा जमिनीत झिरपतो. तो लेपच्या धातूच्या नळीतून वाहत होता. जिनिव्हाहून पॅरिसची टीजीव्ही सुटली की इकडे आलेख उडी मारायचा.

१९९६ मध्ये तर बीम फेरीच पूर्ण करेना. नळी उघडली, आत बिअरच्या दोन बाटल्या! हा किस्सा सगळे सांगतात. पण खरं सांगू? बाटली हा सोपा बग. यंत्र बंदच पडतं, त्यामुळे शोधावंच लागतं. अवघड असतो तो चंद्र.

पहिल्या नोकरीत माझा एक प्रोग्राम अधूनमधून रात्री फेल व्हायचा. मी 'रिट्राय' टाकला आणि तिकीट बंद केलं. दोन महिन्यांनी डेटा बिघडलेला सापडला, आणि खापर फुटलं माझ्या शेजारी बसणाऱ्या ज्युनिअर मुलीवर. कारण होतं त्याच वेळी चालणारा दुसऱ्या टीमचा बॅकअप. वेळांची यादी तर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती. नुसती बघितली असती तरी पुरलं असतं. ते आजही टोचतं.

२ नोव्हेंबर २००० ला लेप कायमचं थांबलं. त्याच बोगद्यात पुढे एलएचसी बसलं. मागे राहिला झेडच्या वस्तुमानाचा आकडा: ९१.१८७६ जीईव्ही, अनिश्चितता फक्त ०.००२१. त्यात चंद्राचा हिशेब आहे, पॅरिसच्या गाडीचाही.

आपल्या रुळांवर विजेच्या गाड्या आत्ता आत्ता आल्या. वंदे भारत बदनापूरला थांबत नाही, नुसती जाते. आता ती गेली की मी उगाच घड्याळ बघतो.

भेटू पुढच्या भागात.