डॅट फाईलमधली आजी

मागच्या दिवाळीत मावशीकडचा माळा आवरताना एक व्हीसीडी हाती लागली. मावसबहिणीच्या लग्नाची, २००३ सालची. कव्हरवर गणपती, मोरपीस आणि फोटोग्राफरचा हा भलामोठा नंबर. बघून पोटात एकदम गोळाच आला, कारण या सीडीचं एक जुनं पाप माझ्या नावावर आहे.

२००६ मध्ये मी नवीन मोबाईल घेतला होता. १२८ एमबीचं कार्ड! त्यात या लग्नातला आजीचा उखाणा टाकायचा म्हणून जालावरून एक फुकट कन्व्हर्टर उतरवला, क्लिपची ३जीपी फाईल केली, आणि हार्ड डिस्कवर जागा हवी म्हणून मूळ फाईल उडवली. सीडी आहेच की घरी, म्हटलं. ती कोणीतरी कोणाकडेतरी नेली ती गेलीच. आजी २००९ मध्ये गेली. तेव्हापासून तिचा आवाज म्हणजे ती ३जीपी.

आणि त्या फाईलमधली आजी बोबडी आहे. आजोबांच्या नावात एक 'स' आणि एक 'श' आहे, दोन्हींचा 'फ' ऐकू येतो. आम्ही भावंडं तेव्हा खूप हसलो होतो. कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. ३जीपीत आवाजासाठी बहुतेक वेळा एएमआर नावाचा कोडेक असायचा, आणि तो बनवला होता फोनवर बोलण्यासाठी. सेकंदाला जेमतेम ८००० नमुने, त्यातही सुमारे ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं. 'स' आणि 'श' यांची धार मुख्यतः त्याच्या वरच असते. थोडक्यात, मी आजीला कायमचं फोनवर बसवून ठेवलं होतं.

असो. तर व्हीसीडी. शाळेत असतानाच ज्यांना यूट्यूब मिळालं त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९८८ मध्ये एमपेग नावाची समिती बसली. तिच्यापुढचा प्रश्न असा होता की गाण्याची सीडी ज्या वेगाने वाचली जाते, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट, त्याच वेगात चित्र आणि आवाज दोन्ही कसे बसवायचे? ३५२ बाय २८८ चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, दाबलं नाही तर त्याचे जवळजवळ ३० मेगाबिट होतात. एमपेग-१ आणि त्यावर आधारलेली व्हीसीडी, दोन्ही १९९३ च्या. वाटणी अशी: चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट, आवाजाला २२४. म्हणजे चित्र सव्वीस पट पिळलं, आवाज मात्र सहा-सात पटच. लग्नाच्या व्हीसीडीत नवरीचा चेहरा चौकोनी ठोकळ्यांचा आणि सनई मात्र खणखणीत, याचं कारण हे.

हा आवाज एमपी२ असतो, म्हणजे एमपेग-१ चा लेयर टू. त्याचाच भाऊ लेयर थ्री म्हणजे आपला एमपी३. १४ जुलै १९९५ ला जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत त्याचं '.mp3' असं बारसं झालं. दोघांचं तत्त्व एकच: कानाला जे ऐकू येणार नाही ते फेकून द्यायचं. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कान पकडत नाही, मग तो साठवायचा कशाला? पण ऐकू येणार नाही हे ठरवायचं कोणी? एमपी३ वाल्या कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्गने सुझान वेगाचं 'टॉम्स डायनर' हे गाणं घेतलं. वाद्य एकही नाही, नुसता बाईचा आवाज. सुरुवातीच्या एन्कोडरने त्याची पार वाट लावली, मग तेच गाणं पुन्हापुन्हा ऐकून त्याने दुरुस्त्या केल्या. साथ नसलेला एकटा बाईचा आवाज हीच अवघड परीक्षा ठरली, हे वाचून मला आजीचा उखाणाच आठवला.

मग १९९० च्या दशकाच्या शेवटी डिव्हएक्सचा धुमाकूळ. जेरोम रोटा नावाच्या फ्रेंच पोराने मायक्रोसॉफ्टचा एमपेग-४ कोडेक फोडला आणि नाव ठेवलं 'डिव्हएक्स ;-)'. हो, डोळा मारण्यासकट! त्याच नावाच्या एका फसलेल्या अमेरिकन डीव्हीडी योजनेची ती टिंगल होती. आख्खा सिनेमा एका ७०० एमबीच्या सीडीत मावायला लागला, आणि हापिसात कोणाच्या ड्रॉवरमध्ये किती सीडी यावर माणसाची किंमत ठरू लागली.

पण या सगळ्यात खरा हिरो मला फाब्रिस बेलार्ड वाटतो. त्याने २००० साली टोपणनावाने एफएफएमपेग सुरू केलं. (याच माणसाने २००९ मध्ये साध्या डेस्कटॉपवर पायचे २.७ लाख कोटी अंक काढले. आपण वीकेंडला काय करतो, जाऊ दे.) त्या काळच्या कित्येक फुकट कन्व्हर्टरच्या पोटात हेच चालायचं, वर नुसता रंगीत मुखवटा. त्यात एक साधी सोय आहे, जी त्या मुखवट्यांवर अनेकदा दिसायचीच नाही: 'कॉपी'. मोगऱ्याच्या गजऱ्यात मधेमधे अबोली ओवावी तसे एमपेगच्या फाईलमध्ये चित्राचे तुकडे आणि आवाजाचे तुकडे एकाआड एक ओवलेले असतात. व्हीसीडीत साधारण सहातला एक आवाजाचा. आवाज हवा असेल तर काही 'कन्व्हर्ट' करावं लागत नाही. अबोली तेवढी अलगद काढून घ्यायची, चुरगाळायची नाही. कन्व्हर्ट म्हणजे आधीच दाबलेलं उलगडून पुन्हा दाबणं, आणि बहुतेक वेळा पुन्हा काहीतरी फेकणं. २००६ मध्ये मला हा फरक माहीत नव्हता. आणि मी तेव्हा इंजिनियर होतो!

तर ती सीडी. जुना ड्राइव्ह मागून आणला. कॉपी करायला गेलो तर निम्म्यावर एरर. इथे पुन्हा १९९३ चा एक निर्णय आडवा आला. डेटाच्या सीडीत प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट मजकूर असतो आणि बाकीची बरीचशी जागा चुका दुरुस्त करायला. व्हीसीडीवाल्यांनी ती जागाही वापरून २३२४ बाइट भरले. सिनेमात एखादा ठिपका चुकला तर कोणाला कळतंय, असा हिशोब. तेव्हा बरोबरच होता तो. वीस वर्षं माळ्यावर पडून ओरखडे आलेल्या सीडीसाठी नव्हता.

वाईट सेक्टर सोडून पुढे जाणारं एक टूल लावलं आणि शनिवारची रात्र ड्राइव्हची घरघर ऐकत काढली. पहाटे फाईल तयार झाली. चार ठिकाणी आवाज तुटतो, त्यातलं एक ठिकाण मंगलाष्टकांत, तिथे तसंही कोणाला काही ऐकू येत नाही. मग एफएफएमपेगला सांगितलं, व्हिडिओ नको, ऑडिओ कॉपी. दोन सेकंद लागले.

हेडफोन लावले. मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी "आजी, नाव घ्या, नाव घ्या" म्हणतंय, ती आधी आढेवेढे घेते, घसा साफ करते. मग उखाणा. 'स' स्वच्छ. 'श' स्वच्छ. आजी कधीच बोबडी नव्हती.

मावशीला लगेच पाठवली. तिच्या मोबाईलवर एमपी२ उघडेना, म्हणून तिच्यापुरती एमपी३ करावीच लागली. (मूळ फाईल तीन ठिकाणी ठेवली आहे, विचारायच्या आत सांगतो.) अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला, "ऐकलं रे. पुन्हा पुन्हा ऐकलं. पण चित्र कुठंय?"