टेबलाच्या पोटातला आकडा

विलेपार्ल्यात पूर्वेला जुने बंगले पाडून टॉवर उभे राहत आहेत. घर रिकामं करायची वेळ आली की भांडणं जमिनीवरून होतातच, पण त्याआधी कपाटं, पलंग, आरसे यांचं काय करायचं यावरून होतात. माझ्या एका मित्राच्या घरी गाडी जेवणाच्या टेबलापाशी अडली. सागवानी, खाली निमुळते होत गेलेले गोल पाय, दोन्ही टोकांच्या फळ्या बाहेर ओढल्या की चौघांच्या टेबलावर आठ पानं बसतात. मित्राचे वडील पवईला एका इंजिनिअरिंग कारखान्यात होते. तिथला डॅनिश साहेब मायदेशी परतताना हे टेबल देऊन गेला, अशी घरातली कथा. जुन्या सामानाचा व्यापारी म्हणाला, डेन्मार्कचं ठरलं तर किंमत मागा, नाही तर लाकडाच्या भावाने नेतो.

कथा अगदीच हवेतली नव्हती. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टूब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ साली मुंबईत भागीदारी सुरू केली आणि १९४८ मध्ये पवईची ५५ एकर दलदल-झाडी घेतली. म्हणजे या उपनगरांना डॅनिश माणूस नवा नव्हता.

नवं होतं ते त्यांचं फर्निचर. कोपनहेगनच्या सुतारसंघाने १९२७ ते १९६६ अशी चाळीस वर्षं दरवर्षी प्रदर्शनं भरवली. आराखडा काढणारा एक आणि रंधा मारणारा दुसरा, अशा जोड्या त्यातून जमल्या. फिन यूल आणि नील्स वोडर ही त्यातली गाजलेली जोडी. हान्स वेग्नरची बरीच टेबलं आंद्रेआस टुक या कारखानदाराने बनवली. म्हणून अशा टेबलाचा ‘कर्ता’ शोधायचा तर दोन नावं शोधावी लागतात. ती असलीच, तर पृष्ठभागाच्या खालच्या अंगाला डागलेली किंवा बिल्ल्यावर असतात. गंमत म्हणजे कारागिराचं नावही तिथे अभिमानाने असतं.

आणि लाकूड? ते तर आपल्याच बाजूचं. डेन्मार्कात साग उगवत नाही. ईस्ट एशियाटिक ही त्यांची मोठी कंपनी १८९७ साली स्थापन झाली, तिची मुळं सयामच्या सागाच्या व्यापारात होती. आपल्याकडे बर्मा टीकचं वेड त्याहून जुनं. बॉम्बे बर्मा कंपनीला सागावरून ठोठावलेला दंड हे १८८५ च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचं निमित्त झालं, थिबा राजाचं राज्य गेलं आणि तो रत्नागिरीत नजरकैदेत येऊन १९१६ साली तिथेच वारला. एवढं सगळं एका लाकडापायी.

असो. आम्ही टेबल उलटं केलं. शिक्का नाही, बिल्ला नाही. तो पडूनही गेला असेल, म्हणून पुढे पाहिलं. डॅनिश कारखान्यांतल्या टेबलांचा वरचा भाग बहुधा पातळ सागाचा पत्रा चिकटवलेला असतो. इथे कडेपासून मध्यापर्यंत भरीव फळ्या. तेलाऐवजी चपडी लाखेचं पॉलिश, गरम भांड्याचे पांढरे डाग त्याची साक्ष देत होते. शिवाय १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर जी बंधनं आली, त्यात मुंबईत असं टेबल परदेशातून येणं अवघडच होतं. चित्र पाहून घडवणं मात्र सोपं. निदान इथल्या मिस्त्रींना.

मग टॉर्चच्या उजेडात पायांच्या सांध्याशी पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. मित्राला त्या रेघोट्या वाटल्या. मला वाचता आल्या. उर्दू आकडे होते, एक ते चार, आणि चौथ्यापाशी एक शब्द: ‘उलटा’. कुठला पाय कुठे बसवायचा, याची कारागिराने स्वतःसाठी केलेली नोंद.

हजारोंचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. वहिनींचा चेहरा उतरला. तेव्हा आतल्या खोलीतून मित्राच्या आई बाहेर आल्या. वय नव्वदीकडे झुकलेलं, पण आठवण लख्ख. म्हणाल्या, “अरे, साहेबाने टेबल कुठे दिलं? पुस्तक दिलं होतं, चित्रांचं. त्यात बघून व्हरांड्यात मिस्त्रीने केलं. पावसाळाभर बसला होता.”

मी नाव विचारलं.

“नाव काय बाई... चाचाच म्हणायचो सगळे.” थोडं थांबल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्याचा कप वेगळा ठेवलेला असायचा. कोनाड्यात. तेव्हा तसंच होतं.”

आणि सुनेला म्हणाल्या, भावजींना चहा टाक, इथेच टेबलावर घेतील. आम्ही दोघांनी टेबल सरळ केलं. चौथा पाय अजून जराही हलत नाही.