अफूचें बोंड आणि माणसाची वेदना



दाढदुखीनें ज्यानें एखादी रात्र जागून काढली आहे, त्यास वेदना म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. परंतु त्या वेदनेवर माणसानें उतारा कसा शोधून काढला, आणि तो उतारा हातीं आल्यावरहि कित्येकांच्या वांट्यास कां आला नाहीं, ही हकीकत सांगण्याजोगी आहे. आज ती मी मुख्यतः एका झाडाच्या अनुषंगानें सांगणार आहें. तें झाड अफूचें.

शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्यास मद्य पाजावें, अशी सूचना आपल्या सुश्रुतसंहितेंत आहे. अफूचा गुणहि जगास फार प्राचीन काळापासून ठाऊक होता. अडचण होती ती तिच्या मात्रेची. एका बोंडाचा चीक जहाल, तर दुसऱ्याचा सौम्य. काल ज्या गोळीनें दुखणें निवालें, तेवढ्याच गोळीनें आज प्राण जाण्याचें भय. जर्मनींतील पाडेरबोर्न गांवीं औषधशाळेंत काम करणाऱ्या सर्टुर्नर नांवाच्या तरुणानें १८०५ च्या सुमारास अफूंतील सत्त्व वेगळें काढलें, आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेच्या नांवावरून त्याचें नामकरण केलें. तेंच मॉर्फिन. आतां औषध तोलून देतां येऊं लागलें. १८५३ च्या सुमारास एडिंबरोच्या अलेक्झांडर वुडनें तें पोकळ सुईच्या पिचकारीनें कातडीखालीं देण्यास आरंभ केला.

तथापि मॉर्फिनानें दुखणें निवलें, तरी शस्त्राची धार सोसवेल असें नव्हे. त्या काळीं शस्त्रवैद्याची थोरवी त्याच्या हाताच्या वेगावर ठरे, आणि रोग्यास चार धट्टेकट्टे लोक दाबून धरीत. बंगाल्यांत हुगळी येथें जेम्स एस्डेल या डॉक्टरानें १८४५ मध्यें मोहिनीविद्येच्या साहाय्यानें रोग्यांना झांपड आणून शस्त्रक्रिया केल्या. परंतु लौकरच त्याहून खात्रीचा मार्ग सांपडला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानें एका तरुणास ईथरची वाफ हुंगविली, आणि वॉरन या वृद्ध शस्त्रवैद्यानें त्याच्या मानेवरील गांठीवर शस्त्र चालविलें. पुढच्याच वर्षीं एडिंबरोच्या सिम्प्सननें बाळंतपणांत क्लोरोफॉर्म वापरलें. बाळंतवेणा ही ईश्वराची योजना, तींत माणसानें हात घालूं नये, असें म्हणणारे कांहीं लोक निघालेच. पण १८५३ मध्यें खुद्द व्हिक्टोरिया राणीनें राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मवेळीं क्लोरोफॉर्म घेतलें, आणि त्या उपायास प्रतिष्ठा आली. १८८४ त व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनें कोकेनच्या थेंबांनीं केवळ डोळाच बधिर करून दाखविला. १८९९ त अ‍ॅस्पिरिन बाजारांत आली. अशा रीतीनें शंभर वर्षांच्या आंत तीव्र वेदनेवरील प्रमुख साधनें माणसाच्या हातीं आलीं.

परंतु सर्वच वेदना एका जातीची नसते. ताज्या जखमेची वेदना ही घरच्या रखवालदाराच्या हाकेसारखी आहे. धोका टळला कीं ती थांबते. कांहीं रोग्यांची जखम भरते, हाड जुळतें, तरी हाक मात्र चालूच राहते. दुसऱ्या महायुद्धांत जखमी सैनिकांवर उपचार करतांना जॉन बोनिका या डॉक्टरास हा भेद प्रकर्षानें जाणवला. तो स्वतः कुस्तीगीर असल्यानें दुखऱ्या सांध्यांची ओळख त्यास पुस्तकांतून करून घ्यावी लागली नव्हती. १९५३ त वेदनेच्या उपचारावर त्याचा मोठा ग्रंथ निघाला. जुनाट दुखणें हें केवळ लक्षण नसून स्वतंत्र व्याधि समजावी, आणि अनेक शाखांच्या वैद्यांनीं एकत्र बसून तिचा विचार करावा, हें त्याचें सांगणें. १९६५ मध्यें मेल्झॅक आणि वॉल यांनीं असें मत मांडलें कीं, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत जणूं एक दार आहे. तें कमीअधिक उघडतें तशी वेदना मेंदूपर्यंत पोंचते. ठेंच लागली कीं आपण अंगठा कां चोळतों, याचा उलगडा त्यावरून होतो. म्हणूनच कंबरदुखीसारख्या जुनाट दुखण्यास आज नुसत्या गोळ्यांवर भिस्त ठेवीत नाहींत. बेताचा व्यायाम, मज्जातंतूंस शांत करणारीं औषधें, प्रसंगीं एखादी शीर बधिर करणारी सुई, पुरेशी झोंप आणि मनास धीर, असा तो मिश्र उपचार असतो.

कर्करोगाच्या वेदनेची गोष्ट निराळी. तेथें मॉर्फिनावांचून पुष्कळदां भागत नाहीं. लंडनमध्यें सिसिली सॉन्डर्स या बाईंनीं १९६७ मध्यें आसन्नमरण रोग्यांसाठीं आश्रम उघडला, आणि वेदना उसळण्याची वाट न पाहतां घड्याळाच्या कांट्यावर औषध द्यावें, हा परिपाठ घालून दिला. १९८६ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें तीन पायऱ्यांची रीति सांगितली: प्रथम अ‍ॅस्पिरिनसारखीं साधीं औषधें, मग कोडीनसारखीं सौम्य, आणि त्यांनीं न भागल्यास मॉर्फिन.

येथें आपल्या देशाचा संबंध येतो. एकोणिसाव्या शतकांत माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई. त्या व्यापारांत धनाढ्य झालेल्या सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या आधारानें भायखळ्याचें रुग्णालय १८४५ त उभें राहिलें. आजहि मध्यप्रदेश, राजस्थान आणि उत्तरप्रदेश येथें सरकारी परवान्यानें अफू पिकते आणि औषधांसाठीं परदेशीं जाते. असें असतांहि १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें परवान्यांचें असें जंजाळ उभें केलें, कीं पुढील बारा वर्षांत देशांतील मॉर्फिनाचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला.

त्याच काळांत, १९९५ सालीं, माझे थोरले बंधू जिभेच्या कर्करोगानें अंथरुणास खिळले. डॉक्टरांनीं मॉर्फिनाच्या गोळ्या लिहून दिल्या. मीं तालुक्यांतील दुकानें पालथीं घातलीं. प्रत्येक दुकानदार हात जोडी. अखेर मोठ्या शहरांतून गोळ्या आल्या, तेव्हां आम्हींच घरच्या मंडळींनीं त्या अर्ध्या करून दिल्या. कां, तर दादांना व्यसन लागेल! ज्यांचें आयुष्य दीड महिनाच उरलें होतें, त्यांस व्यसन लागण्याची आम्हांला धास्ती. कायद्याचा दोष कायद्याकडे. पण ही चूक आमची होती, आणि मी गप्प बसलों होतों.

सुदैवानें वाटा मोकळ्या करणारे लोकहि निघाले. मुंबईस वांद्र्याला १९८६ मध्यें शांति आवेदना आश्रम सुरू झाला. १९९३ मध्यें कालिकत येथें डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं घरोघरच्या रोग्यांपर्यंत हें औषध नेण्याचें कार्य आरंभिलें. २०१४ त कायद्यांतहि दुरुस्ती होऊन परवान्यांचा गुंता सोडविण्याची सोय झाली.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १८९८ मध्यें मॉर्फिनापासूनच केलेलें हेरॉइन खोकल्याचें निर्धोक औषध म्हणून विकलें गेलें. शंभर वर्षांनीं अमेरिकेंत अफूच्या जातीच्या गोळ्या साध्या जुनाट दुखण्यांसहि सढळ हातानें दिल्या गेल्या, आणि त्यांपायीं असंख्य घरें उद्ध्वस्त झालीं. तेव्हां भीति जशी घातक, तशी बेफिकिरीहि घातक. अफूचें बोंड तेंच. तें कोणाला, कशासाठीं आणि किती, हा विवेकच खरा उतारा होय.

आपल्या घरांत कोणी ‘दुखतें’ म्हणाला, तर ‘सोसावें थोडें’ असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि त्याचें दुखणें कोणत्या जातीचें आहे हें जाणत्या वैद्यास विचारावें. माझ्या दादांच्या वेळीं मीं तें केलें नाहीं. आपण तें करावें, एवढीच विनंती करून आपली रजा घेतों.