कॅथलिकांची प्रार्थना आणि शास्त्राची भाषा

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे नेरूळच्या आगरी-कोळी गावाभोवती नवे नगर उभे राहिले. गोव्याचे, वसईचे, मंगळूरचे, केरळचे कॅथलिक आपले शेजारी झाले. त्यांच्याविषयी एक समज आपल्यात रूढ आहे : हे लोक बायबल वाचीत नाहीत, नुसती माळ ओढतात. आम्हांला हा समज अपुरा वाटतो.

मुळात माळ आली कोठून? बायबलात दीडशे स्तोत्रे आहेत. मठांतले साधू ती लॅटिनमध्ये गात. ज्याला अक्षर येत नव्हते अशा कष्टकऱ्याने त्यांऐवजी तितक्याच छोट्या प्रार्थना म्हणाव्यात, अशी प्रथा मध्ययुगीन युरोपात पडली. पंधरा दशकांच्या जपमाळेतला दीडशेचा आकडा तिच्याशी जुळतो. ‘नमो मरिया’चा पूर्वार्धही लूकच्या शुभवर्तमानातलाच, देवदूताचे आणि एलिझाबेथचे ते अभिवादन. ओठांवर ते शब्द आणि मनात येशूच्या चरित्रातला एकेक प्रसंग, अशी ही रीत आहे. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांत आणखी पाच प्रसंगांची भर घातली.

आपल्याकडे मात्र याहून मोठा प्रयोग झाला. १५७९ साली गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा मराठी ओवीत बांधली. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ओव्या दहा हजारांवर. त्यातली मराठीची थोरवी सांगणारी ओवी आपल्याला पाठ असते. पण पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती कुणब्याला आपले शास्त्र आपल्याच चालीत ऐकता यावे, हा ग्रंथाचा हेतू मात्र विसरला जातो.

आणि राज्यसत्तेने काय केले? १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी व आपली बोली सोडावी. हे वाचताना आम्हांला गेटसभा आठवते. कराराचा मसुदा इंग्रजीत येतो, आणि तो कलमवार मराठीत सांगितल्याखेरीज कामगार त्यावर तोंड उघडत नाही! क्रिस्तपुराण मात्र हस्तलिखितांतून तगले, १९०७ साली मंगळुरास पुन्हा छापले गेले आणि १९५६ साली देवनागरीत आले.

चर्चमधली मुख्य उपासना, म्हणजे मिस्सा, त्यानंतरही लॅटिनमध्येच चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषेला वाट करून दिली, तेव्हा वसईच्या देवळांतून मराठी घुमू लागली. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. रविवारच्या वाचनांचे आता तीन वर्षांचे चक्र असते : जुन्या करारातला उतारा, स्तोत्र, प्रेषितांचे पत्र, मग शुभवर्तमान. शेवटचे धर्मगुरू किंवा उपधर्मगुरू वाचतो. आधीची वाचने मंडळींतलाच कोणी पुढे येऊन करतो. तो पाळीवरून नुकताच सुटलेला कामगारही असू शकतो.