जपानची कवयित्री एमा साइको

सतराव्या शतकांत जपानच्या तोकुगावा शासनानें प्रजेला परदेशगमनाची बंदी केली. ती दोन शतकांहून अधिक काळ टिकली. तरीहि त्या देशांत चिनी काव्याचा व्यासंग वाढतच गेला. ज्यांनीं चीनचे पर्वत कधीं पाहिले नाहींत आणि ज्यांना चिनी बोलतांहि येत नव्हतें, असे विद्वान् चिनी छंदांत डोंगर, धुकें व पाऊस यांवर कविता रचीत. त्यांना ‘बुंजिन’ म्हणत. काव्य, चित्र आणि सुलेखन या तिन्ही कला एकाच कुंचल्याच्या, अशी त्यांची धारणा होती.

ही विद्या मुख्यतः पुरुषांची समजली जाई. तींत नांव मिळविणाऱ्या थोड्या स्त्रियांपैकीं एमा साइको ही एक. तिचा जन्म १७८७ सालीं मिनो प्रांतांतील ओगाकी येथें झाला. वडील रान्साइ हे तेथील संस्थानचे वैद्य व डच वैद्यकाचे अभ्यासक होते. क्योतोचे भिक्षु ग्योकुरिन यांच्यापाशीं ती शाईनें वेळूचीं चित्रें काढावयास शिकली. वेळूचें पान आणि अक्षराची रेघ कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यानें साधावी लागते; उमटलेली शाई पुसतां येत नाहीं. त्यामुळें चित्राचा सराव हाच अक्षराचाहि सराव ठरे.

१८१३ सालीं प्रसिद्ध इतिहासकार व कवि राइ सान्यो ओगाकीस आला. त्यानें साइकोला मागणी घातली; रान्साइ यांनीं ती नाकारली, असें चरित्रकार सांगतात. पुढें साइकोनें विवाह केलाच नाहीं. गुरुशिष्यांचें नातें मात्र १८३२ सालीं सान्यो वारला तोंवर टिकलें. ती कविता पाठवी. तो लाल शाईनें त्या तपाशी. पुरुषांचें अनुकरण न करतां स्त्रीच्या मनांतलें लिहावें, असा त्याचा उपदेश होता.

तो तिनें सार्थ केला. एका कवितेंत हिवाळ्याच्या रात्रीं वडील डच ग्रंथ वाचीत आहेत आणि मुलगी चिनी काव्य वाचीत आहे. दिवा दोघांत एकच. संसार नसल्याची खंतहि तिनें अन्यत्र लपविलेली नाहीं. ऋतु आणि निसर्ग हे चिनी काव्याचे जुने विषय. त्यांच्या जोडीला तिनें स्वतःचें घर, आजार व वार्धक्य आणून बसविलें.

साइको १८६१ सालीं वारली. तिच्या सुमारें ३५० कवितांचा संग्रह १८७१ सालीं प्रसिद्ध झाला. तोंवर जपानची दृष्टि पाश्चात्त्य विद्यांकडे वळली होती. पण शब्दांचे नियम परके असले तरी त्यांत सांगितलेलें सुखदुःख आपलें असूं शकतें, याची साक्ष तो संग्रह आजहि देतो.