अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स : वर्ग आणि सामूहिक जबाबदारी

इंग्रज नाटककार व कादंबरीकार जे. बी. प्रीस्टली (१८९४–१९८४) यांचे तीन अंकी गद्य नाटक. लेखन दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. पहिले प्रयोग १९४५ मध्ये सोव्हिएत संघात झाले; लंडनमध्ये त्या वेळी नाट्यगृह मिळाले नाही, असे याचे कारण सामान्यतः दिले जाते. लंडनमधील पहिला प्रयोग ऑक्टोबर १९४६ मध्ये न्यू थिएटरमध्ये ओल्ड व्हिक कंपनीने केला. त्यात रॅल्फ रिचर्डसन यांनी इन्स्पेक्टर गूलची, तर अ‍ॅलेक गिनेस यांनी एरिकची भूमिका केली. समीक्षकांचे मत संमिश्र होते.

नाटक १९१२ च्या वसंतात, ब्रम्ली या काल्पनिक औद्योगिक शहरात घडते. कारखानदार आर्थर बर्लिंगच्या घरी मुलगी शीला हिच्या साखरपुड्याची मेजवानी चालू असताना गूल येतो आणि ईव्हा स्मिथ नावाच्या तरुणीने जंतुनाशक पिऊन आत्महत्या केल्याचे सांगतो. बर्लिंगने तिला संपाची म्होरकी म्हणून कामावरून काढले होते. शीलाने रागाच्या भरात तिची दुकानातील नोकरी घालवली. शीलाचा नियोजित वर जेराल्ड क्रॉफ्ट याने तिला काही महिने ठेवले आणि सोडले. मुलगा एरिकपासून ती गरोदर राहिली, आणि आई सिबिलने धर्मादाय समितीत तिचा अर्ज फेटाळायला लावला. गूल गेल्यावर तो खरा पोलीस नव्हता असे कळते. रुग्णालयातही अशी कोणी मृत नसते. घर सुटकेचा श्वास टाकते तोच दूरध्वनी येतो : एक मुलगी आत्ताच मरण पावली आहे आणि चौकशीसाठी पोलीस निघाले आहेत.

समाजातील सर्व माणसे एकमेकांना बांधलेली आहेत, एवढाच या नाटकाचा आशय मानण्याची प्रथा आहे. तो अपुरा आहे, कारण नाटकातील जबाबदारी सर्वांवर सारखी पडत नाही. ज्याच्या हाती जितकी वर्गाची सत्ता, तितका त्याचा वाटा. पाचही जण ईव्हाला जी इजा करतात, ती आपापल्या सामाजिक स्थानाच्या बळावर करतात. बर्लिंग मालक आहे, शिवाय शहराचा माजी महापौर व दंडाधिकारी. आईचे खाते बंद करवण्याची धमकी देता येते म्हणून मिलवर्ड्स या दुकानात शीलाचा शब्द चालतो. जेराल्डकडे पैसा आणि मित्राची रिकामी जागा आहे. सिबिलच्या हाती समिती आहे. गूलला ईव्हाने केलेला असा एकही गुन्हा सांगता येत नाही, ज्यासाठी हे दरवाजे बंद व्हावेत. पाच दुव्यांपैकी कायद्याच्या कक्षेत येते ते एकट्या एरिकचे वर्तन : तिच्यावर केलेली बळजबरी आणि वडिलांच्या कचेरीतून चोरलेले सुमारे ५० पौंड. उरलेल्या चौघांनी केलेले सारे कायदेशीर होते. म्हणूनच प्रीस्टली यांनी न्यायालय न उभारता घरातली चौकशी उभारली. दंडाधिकाऱ्यासमोर हा खटला उभाच राहिला नसता, आणि इथे दंडाधिकारी स्वतः आरोपींच्या खुर्चीत आहे.

वेतनाचा प्रसंग या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असून त्याकडे फार दुर्लक्ष झाले आहे. कामगार स्त्रियांना आठवड्याला सरासरी साडेबावीस शिलिंग मिळत. त्यांनी २५ मागितले. वाढ अडीच शिलिंगांची. तिने मजुरीखर्च सुमारे १२ टक्क्यांनी वाढला असता, असे बर्लिंग सांगतो आणि खर्च कमी ठेवणे हेच आपले कर्तव्य मानतो. त्याच मेजवानीत तो क्रॉफ्टच्या प्रतिस्पर्धी कंपनीशी पुढे हातमिळवणी होऊन खर्च उतरेल व किमती चढतील, अशी आशा बोलून दाखवतो. म्हणजे मालकांनी एकत्र येणे हा व्यवहार आणि मजुरांनी एकत्र येणे हा उपद्रव. सामूहिकतेला नाकारणारा माणूस आपल्या वर्गापुरती ती पुरेपूर पाळतो, ही नाटकातील सर्वांत तीक्ष्ण नोंद आहे. तिला काळाचा आधारही आहे : १९१२ च्या आरंभी ब्रिटनमध्ये कोळसा खाणकामगारांचा राष्ट्रीय संप झाला आणि किमान वेतनाचा कायदा करणे सरकारला भाग पडले. १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा झाला होता. पण त्यातील बेकारी विमा बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती अशा मोजक्या उद्योगांपुरता होता. दुकानातून काढलेल्या अविवाहित गरोदर मुलीला उरत ते श्रमगृह किंवा सिबिलची समिती. त्या काळच्या धर्मादाय संस्था मदतीस लायक आणि नालायक गरीब अशी विभागणी करत, आणि लायकी ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याकडे असे. सिबिल निर्दय असण्यापेक्षाही हा अधिकार तिला मिळतो, हे अधिक गंभीर आहे. १९४६ च्या प्रेक्षकासमोर हा प्रश्न जिवंत होता. सामाजिक सुरक्षेचा आराखडा मांडणारा बेव्हरिज अहवाल १९४२ मध्ये आला होता आणि जुना दरिद्री कायदा १९४८ मध्ये संपुष्टात आला.

या मांडणीवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, नाटक प्रचारकी आहे. प्रीस्टली यांची १९४० ची रेडिओ भाषणे आणि १९४२ मध्ये डाव्या विचारांच्या कॉमन वेल्थ पक्षाच्या स्थापनेतील सहभाग पाहता त्यांची बाजू लपलेली नाही. टायटॅनिक बुडणार नाही, युद्ध होणार नाही असे बर्लिंगकडून वदवून घेणे हे सोपे यश आहे, हे मान्य करायला हवे. परंतु गूल निघून गेल्यानंतरचा भाग प्रचाराला मारक आहे. तिथे वडीलधारी मंडळी उलटतपासणीत वरचढ ठरतात. गूलजवळचे ईव्हाचे छायाचित्र एका वेळी एकालाच दाखवले गेले. मुलगी एकच होती याला पुरावा नाही. गूल तोतया होता. हे सर्व मुद्दे बरोबर आहेत. शीला व एरिक यांचे म्हणणे एवढेच, की पुरावा ढासळला तरी आपण केले ते केलेच. केवळ प्रचार करायचा असता, तर लेखकाने विरोधकाच्या हाती इतके चांगले युक्तिवाद दिले नसते.

दुसरा आक्षेप असा, की जबाबदारी सर्वांची म्हटली की ती कोणाचीच राहत नाही. याला उत्तर नाटकाच्या रचनेत आहे. गूल कोणालाही घोळक्यात विचारत नाही. एकेकाला वेगळे काढतो आणि प्रत्येकाकडून त्याची एक ठरावीक कृती वदवून घेतो. सिबिल मुलाच्या बापाला जाहीर शिक्षा करा म्हणते आणि तो बाप आपलाच मुलगा निघतो, तेव्हा दोष दुसऱ्याकडे ढकलण्याचा मार्गच बंद होतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : श्रमिकांविषयीच्या या नाटकात श्रमिकाला आवाज नाही. ईव्हा रंगमंचावर येत नाही, आणि मोलकरीण एडना हिला मोजकी वाक्ये आहेत. हे खरे आहे. तरीही ईव्हा संपाचे पुढारीपण करते आणि एरिकने दिलेला पैसा चोरीचा आहे हे कळताच तो नाकारते, हे विसरू नये. नाटकात ठाम नैतिक निर्णय घेणारी ती पहिली व्यक्ती आहे, आणि तो ती उपाशीपोटी घेते. शिवाय तिची अनुपस्थिती तिच्याकडे पाहणाऱ्यांची परीक्षा घेते. गाय हॅमिल्टन दिग्दर्शित १९५४ च्या चित्रपटात (अ‍ॅलिस्टर सिम इन्स्पेक्टरच्या भूमिकेत) ईव्हा प्रत्यक्ष दाखवली आहे. तिथे ती एकच मुलगी होती का, ही शंका दुबळी होते आणि तिच्याबरोबर शेवटच्या अंकाचा नैतिक पेचही.

स्टीफन डाल्ड्री यांनी १९९२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी केलेल्या प्रयोगात बर्लिंगांचे घर उंचावर बाहुलीघरासारखे उभे असून पुढे कोसळते, आणि चाळीसच्या दशकातील सामान्य माणसांचा मूक जमाव ते पाहत राहतो. श्रमिकांच्या अनुपस्थितीला रंगभूमीने दिलेले हे सर्वांत विचारपूर्वक उत्तर होय. भारतीय रूपांतरांपैकी बंगालीतील ‘थाना थेके आसछी’ प्रसिद्ध असून त्यावर १९६५ मध्ये चित्रपट निघाला.